पाचक चूर्णातली आवरणयुक्त एन्झाइम पावसाळ्यात निकामी का होतात: लक्षणं, तपास आणि उपाय

पाचक चूर्ण, प्रोटीन पावडर, कमी लॅक्टोजच्या दुधाची भुकटी असं काही बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांतून माझ्याकडे येणारी तक्रार वर्षानुवर्षं तीच आहे. आवरणात बंद केलेलं एन्झाइम (अन्न फोडणारं प्रथिन) विकत घेतलं किंवा स्वतः तयार केलं, भरताना तपासलं तेव्हा उत्तम होतं, आणि दोन-चार महिन्यांत त्याचा जोर गेला. तक्रारींचा भर जून ते सप्टेंबर. आवरण कच्चं निघालं असं समजून बरेच जण पुरवठादार बदलतात, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच होतं. मी आजवर जितका माल तपासला त्यात बहुतेक वेळा कारण दोनपैकी एक निघालं: कुठून तरी ओल आत आली होती, किंवा एन्झाइमच्या शेजारी न जमणारा घटक बसवला होता. म्हणून खालचा क्रम पाळा. आधी फुकटात होणारे तपास, मग थोड्या पैशांचे, आणि आवरण नव्याने बनवण्याचा विचार सगळ्यांत शेवटी.

बाजारात मुख्यतः तीन प्रकारचं आवरण मिळतं. माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासून केलेली भुकटी) किंवा अरेबिक गममध्ये (बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक) मिसळून फवारा पद्धतीने सुकवलेली भुकटी, सोडियम अल्जिनेट (समुद्री शेवाळापासूनचा जेल होणारा पदार्थ) आणि कॅल्शियम क्लोराइड वापरून केलेले मणी, आणि घट्ट वनस्पती चरबीचा थर दिलेले दाणे. आतली एन्झाइम साधारण ठरलेली: पिष्ट फोडणारं, बुरशीपासूनचं अमायलेज (ज्याला बाजारात डायास्टेज म्हणतात), पपईच्या चिकातलं पपेन, अननसातलं ब्रोमेलेन, आणि दुधातली साखर (लॅक्टोज) फोडणारं लॅक्टेज.

लक्षणं

- भुकटीच्या गुठळ्या होतात. आधी बोटांनी फुटणाऱ्या, नंतर दगडासारख्या.
- पांढरी भुकटी पिवळसर, मग तपकिरी होते.
- मणी एकमेकांना चिकटतात, किंवा सुरकुततात आणि तळाशी बारीक चुरा साचतो.
- चरबीच्या दाण्यांना खवट वास येतो, किंवा दाणे पाकिटाच्या आतल्या बाजूला चिकटतात.
- मिश्रणातलं एकच एन्झाइम जातं, बाकीची ठीक राहतात.
- दिसायला, वासाला, चवीला काहीच बदल नाही, पण काम शून्य.

शेवटचं लक्षण सगळ्यांत घातक, कारण ते ग्राहकाच्या पोटात गेल्यावरच कळतं. आणि पाचवं लक्षण सगळ्यांत उपयोगी, कारण ते थेट कारणाकडे बोट दाखवतं. त्याकडे पुढे येतो.

एन्झाइम खरंच गेलंय का?

हा तपास आधी, कारण 'गेलं' म्हणून फेकलेल्या मालातला काही माल जिवंत असतो. फक्त आवरण उघडत नसतं. फार कोरडे आणि कडक झालेले अल्जिनेटचे मणी, किंवा जुनी होऊन घट्ट बसलेली चरबी, कोमट पाण्यात हलवून आतलं एन्झाइम सोडत नाहीत. म्हणून तपासणीआधी नमुना खलात चांगला कुटून घ्या. कुटल्यावर काम होतंय आणि न कुटता होत नाही, तर प्रश्न साठवणीतल्या नाशाचा नाही, आवरण सुटण्याचा आहे. त्याचा उपाय वेगळा असतो.

अमायलेजसाठी आयोडीनची चाचणी पुरते: पिष्ट शिल्लक असेपर्यंत आयोडीन निळं होतं. १०० मिली पाण्यात १ ग्रॅम कॉर्नफ्लोअर शिजवून पेज करा, ४० अंश सेल्सिअसपर्यंत निवू द्या. तिचे दोन भाग करून एकात जुना आणि एकात ताजा नमुना, सारख्याच वजनाचा, घाला. दर मिनिटाला पांढऱ्या बशीवर ठेवलेल्या आयोडीनच्या थेंबावर एक एक थेंब टाका. निळा रंग येणं थांबायला ताज्याला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ जुन्याला लागला, तर ढोबळमानाने निम्मा जोर उरलाय असं धरा.

इथे एक सापळा आहे आणि पाचक चूर्णवाले त्यात हमखास सापडतात. आवळ्यातलं क जीवनसत्त्व आयोडीनचा रंग स्वतःच घालवतं. त्यामुळे आवळा असलेलं चूर्ण टाकताक्षणी निळा रंग नाहीसा होतो आणि एन्झाइम जोरात आहे असा भास होतो. खात्री करायला तेच चूर्ण थोड्या पाण्यात दहा मिनिटं चांगलं उकळा, निववा आणि मग चाचणी करा. उकळलेल्यानेही रंग जात असेल तर ती करामत आवळ्याची आहे. अशा वेळी चूर्णात मिसळण्याआधीचा आवरणयुक्त माल वेगळा तपासावा लागतो.

पपेनसाठी दुधाच्या भुकटीचं कोमट द्रावण घ्या आणि ते किती वेळात फाटतं ते पाहा. जुना नमुना ढिला वाटला तर तो पाण्यात अगदी थोड्या सिस्टीनसह (एक गंधकयुक्त अमिनो आम्ल) दहा मिनिटं ठेवून चाचणी पुन्हा करा. सोबत नुसत्या सिस्टीनचीही एक चाचणी ठेवा, नाहीतर सिस्टीनच्या आंबटपणानेच दूध फाटलं का हे कळणार नाही. पपेनचं काम एका गंधकयुक्त टोकावर चालतं आणि हवेतल्या ऑक्सिजनने ते टोक बंद पडू शकतं. सिस्टीन घातल्यावर जोर परतला तर रेणू शाबूत आहे, हवेने नुकसान झालंय, आणि तुमचं लक्ष पॅकिंगमधल्या ऑक्सिजनकडे जायला हवं. परतला नाही तर ओल, आंबटपणा किंवा उष्णता यांचा संशय घ्या. एवढ्या स्वस्त चाचणीत एवढी माहिती मला दुसऱ्या कुठल्याच एन्झाइमबाबत मिळत नाही.

लॅक्टेजसाठी औषधाच्या दुकानातल्या, लघवीतली साखर तपासण्याच्या पट्ट्या चालतात. दुधातलं लॅक्टोज फुटलं की ग्लुकोज तयार होतं आणि पट्टी रंग बदलते. मात्र लॅक्टेज कुठलं आहे ते पुरवठादाराला विचारा. यीस्टपासूनचं साध्या दुधात चांगलं चालतं. बुरशीपासूनचं आंबट माध्यमात जोमाने आणि साध्या दुधात सावकाश चालतं. हा फरक लक्षात न घेता चांगला माल परत पाठवलेला मी पाहिलाय.

या सगळ्या चाचण्या तुलनेच्या आहेत. तुलनेला ताजा नमुना नसेल तर त्या निरुपयोगी. म्हणून आजपासून प्रत्येक बॅचचा थोडा माल, अॅल्युमिनियमच्या पाकिटात हवाबंद करून, तारीख घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवा. खर्च जवळपास नाही. पुढच्या तक्रारीच्या वेळी तोच साक्षीदार असतो.

माल कुठे ठेवलाय?

तापमान आणि आर्द्रता दाखवणारा स्वस्तातला डिजिटल मीटर घ्या, शक्यतो कमाल-किमान नोंद ठेवणारा, आणि तो नेमका माल ठेवलेल्या फळीवर ठेवा. कार्यालयाच्या भिंतीवर लावलेल्या मीटरचा उपयोग नाही. पत्र्याच्या छपराखालच्या वरच्या फळीवर मे महिन्यात किती तापतं हे विदर्भात, खानदेशात काम करणाऱ्यांना सांगायला नको. कोकणात आणि मुंबईत उष्णता कमी, पण हवेतली ओल जास्त.

तापमान १० अंशांनी वाढलं की नाशाचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो, असा ढोबळ नियम धरून चालतात. पण कोरडं एन्झाइम उष्णता बरीच सोसतं आणि ओलं एन्झाइम अजिबात सोसत नाही. त्यामुळे नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तगलेला माल रत्नागिरीच्या जुलैत, कमी तापमानात, आधी जातो. चरबीचं आवरण याला अपवाद आहे: त्याला उष्णतेचीच भीती, कारण ते मऊ पडलं की दाण्यांमधल्या भेगांतून एन्झाइम उघडं पडतं आणि पुन्हा थंड झालं तरी थर पूर्ववत होत नाही.

पाकीट उघडण्याची सवय

माल फ्रीजमध्ये किंवा कोल्ड रूममध्ये ठेवणारे अनेक जण तो बाहेर काढून लगेच उघडतात. थंड भुकटीवर बाहेरच्या दमट हवेतलं पाणी दव होऊन बसतं. दिवसातून दोनदा असं झालं तर फ्रीज न वापरणं परवडलं. छोटं पाकीट बंद ठेवूनच काही तास बाहेर राहू द्या, मोठा ड्रम रात्रभर. मगच उघडा.

यावरचा सोपा उपाय म्हणजे मोठ्या पॅकमधला माल आल्या दिवशीच एकेका बॅचच्या मापाने छोट्या पाकिटांत भरून ठेवणं. एक पाकीट, एक बॅच, उरलेलं परत ठेवायचं नाही. मोठ्या ड्रमातून महिनाभर डाव घालून काढत राहण्यापेक्षा या एका बदलाने जास्त माल वाचतो.

पाणी नेमकं येतं कुठून

इथे जरा थांबून हिशेब करू, कारण जवळपास प्रत्येक जण चुकीच्या जागी शोधतो.

पावसाळ्यात बरणी भरताना आत अडकलेल्या दमट हवेची सगळ्यांना धास्ती असते. ३० अंशांवर पूर्ण ओल्या हवेत एका घनमीटरमागे साधारण ३० ग्रॅम पाणी असतं. ८० टक्के आर्द्रतेला ते २४ ग्रॅम झालं. बरणीत एक लिटर हवा अडकली तर पाणी किती? २४ मिलिग्रॅम. ५० ग्रॅम चूर्णाच्या मानाने हे अर्ध्या दशांश टक्क्याएवढंही नाही.

आता त्याच चूर्णात २० ग्रॅम आवळ्याची भुकटी आहे आणि तिच्यात १० टक्के ओलावा आहे असं धरा. म्हणजे दोन ग्रॅम पाणी आपण स्वतः मोजून आत घातलं. हवेतल्यापेक्षा ऐंशी पटींहून जास्त. सुंठ, जिरं, ओवा, आवळा यांच्या भुकट्या हाताला कोरड्या लागतात, पण त्यांच्यात आठ-दहा टक्के पाणी सहज असतं. आवरणाची भुकटी त्यांच्याहून कोरडी असते, म्हणून पाणी मसाल्याकडून तिच्याकडे सरकत राहतं, दोघांची पातळी सारखी होईपर्यंत. बाहेरचं पाकीट कितीही भारी असलं तरी हे पाकिटाच्या आतच घडतं. सिलिका जेलची छोटी पुडी दोन ग्रॅम पाणी पेलू शकत नाही; सिलिका जेल आपल्या वजनाच्या पाचव्या भागाच्या आसपास पाणी घेतं असं धरलं तर दोन ग्रॅमसाठी दहा ग्रॅम जेल लागेल.

म्हणून मसाले मिसळण्याआधी सुकवा. अख्खे असताना ट्रे ड्रायरमध्ये ५० ते ५५ अंशांवर सुकवून, बंद डब्यात निववून मग दळलं तर वासही बऱ्यापैकी टिकतो. दळून सुकवलं तर ओव्याचा आणि जिऱ्याचा वास उडतो. आणि सुकवलेला मसाला उघड्या परातीत निववू नका. गरम कोरडी भुकटी हवेतली ओल झपाट्याने ओढते, तासाभराची मेहनत वाया जाते.

शेजारी कोण बसलंय

ओलीनंतरचं दुसरं मोठं कारण मीठ आणि आंबट.

शुद्ध मिठाला सुमारे ७५ टक्के आर्द्रतेच्या वर पाणी सुटतं, साखरेला ८५ टक्क्यांच्या आसपास. दोन्ही एकत्र केली की त्या दोघांपेक्षाही कमी आर्द्रतेला पाणी सुटू लागतं. जाड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असतो आणि तो तर ३३ टक्क्यांनाच ओलावतो. सैंधव, काळं मीठ, पिठीसाखर, सायट्रिक आम्ल (लिंबूसत्त्व) असं चार जणांचं मिश्रण मोकळ्या हवेत सादळणारच.

सादळल्यावर काय होतं? मिठातलं सोडियम अल्जिनेटच्या मण्यातल्या कॅल्शियमची जागा घेतं. सायट्रिक आम्लातलं सायट्रेट तेच कॅल्शियम ओढून घेतं. मण्याचं सगळं बळ कॅल्शियमवर, त्यामुळे तो फुगतो, मऊ होतो, फुटतो. त्याच वेळी अमायलेजला स्वतःची घडी टिकवायलाही कॅल्शियम लागतं, म्हणजे सायट्रेटचा मार दुहेरी. शिवाय ओलसर सायट्रिक आम्लाचा पीएच तीनच्या खाली जातो आणि तिथे पपेन कायमचं बिघडतं. ते सिस्टीनने परत येत नाही. 'माझ्या चूर्णात दोन्ही मेली' असं कुणी म्हणालं की मी पहिला प्रश्न लिंबूसत्त्वाचा विचारतो.

उपाय: एन्झाइम वेगळ्या पुडीत द्या. एक पुडी चूर्णाची, एक छोटी पुडी एन्झाइमची, खाताना मिसळायची. ग्राहकाला हे नको वाटेल अशी भीती मालकांना असते, पण साठवणीचा प्रश्न याच्याइतक्या कमी खर्चात दुसऱ्या कशानेही सुटत नाही. ते शक्य नसेल तर चरबीचं आवरण असलेलं सायट्रिक आम्ल मिळतं ते वापरा, जाडं मीठ बंद करून कोरडं शुद्ध मीठ घ्या, आणि अल्जिनेटऐवजी चरबीच्या थराचे दाणे करून पाहा.

आता 'एकच एन्झाइम गेलं' या लक्षणाकडे. मिश्रणात पपेन किंवा ब्रोमेलेन असेल तर लक्षात ठेवा, ही प्रथिनं तोडणारी एन्झाइम आहेत आणि बाकीची एन्झाइम स्वतः प्रथिनं आहेत. ओल मिळाली की पपेन अमायलेजला आणि लॅक्टेजला पचवू लागतं. एकाच द्रावणात मिसळून एकाच आवरणात घातलेलं मिश्रण म्हणूनच लवकर बिघडतं. प्रत्येकाला वेगळं आवरण द्या, मग कोरडेच एकत्र करा. याची उलटी बाजूही आहे: पपेन सांभाळायला काही जण ईडीटीए (धातूंचे अंश पकडून ठेवणारं रसायन) घालतात, कारण तांब्या-लोखंडाचे अंश पपेनला घातक असतात. पण ईडीटीए कॅल्शियमही पकडतं, आणि अमायलेज ढिलं पडतं. एका एन्झाइमचं औषध दुसऱ्याला बाधतं. वेगळं आवरण, वेगळा संरक्षक.

पाकिटाची परीक्षा

पाकिटाचा पुरवठादार जाडीचे मायक्रॉन सांगतो. त्यावर विसंबू नका, वजनाने तपासा. रिकाम्या पाकिटात पूर्ण सुकवलेलं सिलिका जेल भरा, नेहमीसारखं सील करा आणि वजन करा. एका मोठ्या डब्यात मिठाचा ओला चिखल वाटीत ठेवा. झाकण बंद केल्यावर आतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिर होते. पाकीट त्यात, चिखलाला न लागता, ठेवा आणि दर आठवड्याला वजन करा. वाढलेलं वजन म्हणजे आत शिरलेलं पाणी. दोन प्रकारची पाकिटं शेजारी ठेवली की निवड आपोआप होते.

माझा अनुभव थोडक्यात: अॅल्युमिनियमचा खरा थर असलेलं लॅमिनेट सगळ्यांत भरवशाचं. चकचकीत मेटलाइज्ड पाकीट घड्या पडल्यावर गळतं. प्लास्टिकच्या बरण्यांत एचडीपीई ही पीईटीपेक्षा ओल जास्त अडवते, पण झाकणाखाली इंडक्शन सील (बरणीच्या तोंडाला चिकटवलेली पातळ अॅल्युमिनियमची चकती) नसेल तर आट्यांमधून हवा येतेच. पपेन असेल तर साधं पॉलिथिन नको, त्यातून ऑक्सिजन सहज जातो.

सीलच्या जागेत भुकटीचा एक कण अडकला तरी तिथे बारीक बोगदा राहतो. सील केलेलं पाकीट पाण्यात बुडवून दाबा, बुडबुडे पाहा. भरण्याचं यंत्र धूळ उडवत असेल तर आधी ते दुरुस्त करा. आणि सिलिका जेल नारिंगी रंगाचं, खाद्यपदार्थासाठीचं घ्या. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, ते खाण्याच्या मालाजवळ नको.

कॅप्सूल भरणाऱ्यांसाठी एक गोष्ट: जिलेटिनच्या टोपणातच १३ ते १६ टक्के पाणी असतं. ते कोरड्या एन्झाइमला मिळतं आणि टोपण ठिसूळ होतं. एचपीएमसीच्या वनस्पतिजन्य टोपणात पाणी निम्म्याहून कमी असतं, आणि शाकाहाराचा प्रश्नही सुटतो. पॅनक्रियाटिन आणि पेप्सिन ही पाचक एन्झाइम प्राण्यांपासून येतात हेही इथेच तपासून घ्या. हिरव्या ठिपक्याखाली ती चालत नाहीत.

शेवटी आवरणाकडे

वरचं सगळं नीट असूनही माल जात असेल तर आवरण पाहा. यासाठी वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे मालातलं किती पाणी मोकळं आहे याचं ० ते १ मधलं माप, मोजावी लागते. मीटर महाग असतो, पण जवळच्या अन्न प्रयोगशाळेत नमुना तपासून मिळतो. ०.३ च्या खाली असेल तर ठीक. ०.६ च्या खाली बुरशी वाढत नाही एवढ्यावर समाधान मानू नका. बुरशीला न पुरणारं पाणी एन्झाइमला बिघडवायला भरपूर असतं.

०.३ का, याचं कारण समजलं तर बाकी निर्णय सोपे होतात. चिक्की कोरड्या दिवसांत काचेसारखी कडक असते, पावसाळ्यात चिवट होते. माल्टोडेक्स्ट्रिनचंही तसंच. कडक स्थितीत आतले रेणू जागचे हलत नाहीत, त्यामुळे एन्झाइम उलगडत नाही आणि कुणाशी प्रतिक्रियाही करत नाही. पूर्ण कोरडं, डीई १० चं माल्टोडेक्स्ट्रिन (डीई म्हणजे पिष्ट किती तोडलंय याचं माप) सुमारे १६० अंशांपर्यंत कडक राहतं. थोडं पाणी शिरलं की हा आकडा झपाट्याने खाली येतो, आणि तो खोलीच्या तापमानाखाली गेला की आवरण चिवट होतं, आतली हालचाल सुरू होते. चवीसाठी ग्लुकोज मिसळलं तर आणखी वाईट, कारण कोरड्या ग्लुकोजचा हाच आकडा जेमतेम ३१ अंश आहे. शिवाय ग्लुकोज आणि लॅक्टोज प्रथिनांशी जुळून तपकिरी रंग देतात. पांढरी भुकटी तपकिरी होण्यामागे मला नेहमी तेच सापडतं. ट्रेहॅलोज ही साखर असून ते कडकही राहतं आणि ही तपकिरी प्रतिक्रिया देत नाही. महाग आहे, पण आवरणाच्या मिश्रणात थोडा भाग त्याचा घातला तर लॅक्टेजचा टिकाऊपणा चांगला सुधारतो. तेही ओल लागली तर स्फटिक बनून एन्झाइमला बाहेर टाकतं, म्हणजे पाकिटाची काळजी टळत नाही.

अरेबिक गम वापरत असाल तर तो उष्णता दिलेला आहे का ते विचारा. कच्च्या डिंकात ऑक्सिडीकरण करणारी स्वतःची एन्झाइम असतात आणि पपेनला ती मारक ठरतात.

अल्जिनेटचे मणी स्वतः करणाऱ्यांनी दोन जागा पाहाव्यात. कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणातून काढल्यावर मणी धुतले जातात का? कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल ओढून स्वतः विरघळतं. मण्यावर त्याचा थर राहिला तर मणी कधीच कोरडा राहणार नाही. चिकटणाऱ्या मण्यांचं पहिलं कारण हेच. दुसरं, मणी ओलेच साठवले जातात का? जेलची छिद्रं पपेनसारख्या लहान रेणूंपेक्षा मोठी असतात, ओल्या मण्यातून एन्झाइम झिरपून बाहेर येतं. कायटोसान या पदार्थाचा बाहेरून थर दिला तर गळती कमी होते, पण कायटोसान बहुधा कोळंबी-खेकड्याच्या कवचाचं असतं. शाकाहारी मालात ते चालत नाही आणि अॅलर्जीची सूचनाही लागते.

कुठे थांबायचं

काम करताना कुणालाही शिंका, खोकला, छातीत घरघर, अंगावर गांधी असं काही झालं तर त्या व्यक्तीला त्या खोलीतून ताबडतोब बाहेर काढा आणि डॉक्टरकडे न्या. पपेनची आणि बुरशीच्या अमायलेजची धूळ श्वासातून गेल्याने दमा जडतो हे चांगलं नोंदलेलं आहे, आणि एकदा संवेदनशीलता आली की पुढे थोड्या धुळीनेही त्रास होतो. भुकटी हाताळताना एन-९५ मास्क आणि हातमोजे नेहमीच हवेत. खोलीत धूळ तरंगताना दिसत असेल तर धूळ ओढणाऱ्या यंत्रणेच्या माणसाला बोलवा. झाडू आणि पंखा वापरू नका.

बुरशी दिसली, आंबूस वास आला, तर पुन्हा सुकवून विकायचा विचारही नको. ती बॅच नष्ट करा.

लहान बाळांचं अन्न किंवा स्वादुपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी दिलेल्या पॅनक्रियाटिन कॅप्सूल यांवर यातला कुठलाही प्रयोग करू नका. रुग्णाच्या कॅप्सूलचा जोर गेला असा संशय आला तर नवी घ्या आणि डॉक्टरांना कळवा.

लेबलवर एन्झाइमचे युनिट किंवा 'इतक्या महिन्यांत वापरा' असं छापणार असाल तर घरच्या चाचणीवर ते छापता येत नाही. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून, वेगवेगळ्या तापमानांवर ठेवलेल्या नमुन्यांची तपासणी करून घ्या, आणि एफएसएसएआयच्या (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरण) परवान्यात तुमचा पदार्थ कोणत्या वर्गात बसतो ते अन्न कायद्याच्या सल्लागाराला विचारा. आवरणाची कृतीच बदलायची वेळ आली तर मुंबईत माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आयसीटी, आणि म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, म्हणजे सीएफटीआरआय, या दोन ठिकाणी या विषयातली माणसं आहेत.

नमुना पाठवताना जुना आणि डीप फ्रीझरमधला साक्षीदार, दोन्ही पाठवा. दोन्ही स्वतंत्र अॅल्युमिनियमच्या पाकिटांत, बॅच क्रमांक आणि भरल्याची तारीख लिहून. चूर्णातले सगळे घटक प्रमाणासह कळवा, विशेषतः मीठ, सायट्रिक आम्ल आणि आवळा, म्हणजे प्रयोगशाळा तपासणीची पद्धत त्याप्रमाणे बदलेल. कोणत्या युनिटमध्ये उत्तर हवं ते लेखी सांगा, कारण एकाच पपेनचा आकडा दोन पद्धतींत अगदी वेगळा येतो आणि पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावरचं युनिट वेगळं असेल तर तुलना होत नाही. आणि नमुना कुटून व न कुटता, दोन्ही प्रकारे तपासायला सांगा.